कॅम्प नंबर एकमधलं मोगऱ्याचं सरबत



मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कल्याणच्या बाजारात मोगरा घेऊन गेलो होतो. लग्नाच्या तिथी संपत आलेल्या, त्यात दोन दिवस ढगाळ. व्यापाऱ्याने जो भाव सांगितला त्यात खुडणीच्या बायकांची मजुरीसुद्धा निघत नव्हती. अर्धा माल दिला, अर्धा परत आणला. पूर्वी असा माल बांधावर ओतून यायचो. आता नाही ओतत. घरी आणला, मंडळीने पाक करून ठेवलेलाच होता, त्यात त्याच रात्री कळी पडली. सकाळी मुलाने त्याचा फोटो टाकला, तर आठ-दहा जणांनी विचारलं की हे काय नवीन, ही पद्धत कुठल्या हॉटेलवाल्याकडून शिकलात?

नवीन नाही आणि हॉटेलवाल्याची तर नाहीच नाही. हे आम्ही शिकलो उल्हासनगर कॅम्प नंबर एकमधल्या एका बराकीत, एका सिंधी म्हातारीकडून. त्यात माझी एक जुनी चूकही आहे, तीही आज लिहितो. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

आमचं गाव मुरबाड रोडला, म्हारळच्या पुढे. गावात आजही कोणी "उल्हासनगरला चाललो" म्हणत नाही, "कॅम्पात चाललो" म्हणतात. रिक्षावाला पण विचारतो, कुठला कॅम्प, एक का तीन का पाच. हे आकडे लष्कराच्या वेळचे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याचा मोठा तळ उभारला गेला. आमच्या आजूबाजूच्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. लांबच लांब बराकी बांधल्या, रस्ते केले. आमचा आजा सांगायचा की रात्रभर गाड्या चालायच्या आणि गुरं बुजायची. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी मोकळ्या पडल्या.

मग १९४७ ला फाळणी झाली. सिंध आख्खा पाकिस्तानात गेला. पंजाब, बंगालचे निदान दोन तुकडे झाले, एक तुकडा इकडं राहिला. सिंध्यांना मागे वळून बघायला इकडं एक गावही उरलं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर बोटी भरभरून लोक मुंबई बंदरात उतरले. यातली एक गोष्ट आपल्या फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे ठाणे जिल्हा आणि कराची एकाच सरकारखाली. हे लोक आले ते तसे जुन्या इलाख्यातलेच, फक्त निर्वासित होऊन. जवळपास लाखभर माणूस या रिकाम्या बराकीत आणून ठेवला. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव मिळालं. आकडे मात्र तेच राहिले, एक ते पाच.

एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. मधे गोणपाट, चादरी, पत्रे लावून खोल्या केलेल्या. पंखा नाही. वर पत्र्याची, कौलाची छपरं. एप्रिल-मेमध्ये आत काय होत असेल ते आपल्याला कांद्याच्या चाळीवरून समजेल. आमचे बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. आधी आज्याबरोबर डोक्यावर पाटी घेऊन, नंतर सायकलवर ते कॅम्प एकमध्ये भाजी विकायला जायचे. वांगी, भेंडी, पालेभाजी. सिंधी बाया भेंडी एकेक निवडून घेतात, अजूनही घेतात. त्यातल्याच एका मुलीने, ती तेव्हा पंधरा-सोळाची असेल, भाजीच्या पाटीत आज्याने स्वतःच्या देवासाठी ठेवलेला मोगरा बघितला आणि विचारलं, "ये कितने का?"

बाबांनी फुकट दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने ओंजळभर नाही, किलोभर मागितला. बाबांना वाटलं यांच्याकडे लग्न आहे. लग्न नव्हतं, त्यांना सरबत करायचं होतं.

सिंधमधला उन्हाळा आपल्यापेक्षा वाईट. जेकबाबादचं नाव आपण दर वर्षी तापमानाच्या बातमीत वाचतो. हैदराबाद सिंधला तर घरांच्या छपरावर वारा पकडून खाली खोलीत सोडायची उभी धारी असायची. अशा मुलखात सरबत हा चैनीचा प्रकार नसतो, घरातलं औषध असतं. गुलाबाचं, चंदनाचं, मोगऱ्याचं. बदाम, खसखस, मगजबी वाटून केलेली थादल वेगळी. बराकीत राहायला आलेल्या या बायांकडे जमीन नव्हती, बाग नव्हती, भांडी पण धड नव्हती. पण हात होते आणि चव जिभेवर होती. फूल आमच्या गावातलं मिळालं.

फुलाच्या सरबताचे शब्दच बघा कसे फिरले आहेत. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, त्यावरून गुलाब. म्हणजे आपण ज्याला फूल समजतो तो शब्द मुळात गुलाबपाण्याचा. गुल आणि कंद म्हणजे साखर, त्याचं गुलकंद. हा कंद आपल्याच खंडावरून, खांड साखरेवरून तिकडं गेलेला. सरबत हा शब्द अरबीतला, पिण्यावरून आलेला, आणि इंग्रजीतला सिरप पण त्याच घरचा. मिस्री म्हणजे मिस्रची, इजिप्तची. ऊस आपला, साखर करायची विद्या आपली, आणि चांगल्या खड्याला नाव इजिप्तचं. असं चालतं. आपल्याकडं पण पाण्याला फुलाचा वास लावायचं जुनं आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकातला, त्यात राजाच्या पिण्याचं पाणी फुलांनी सुवासिक करायची माहिती आहे. त्याची राजधानी कल्याण होती, पण ते आपलं रेल्वे जंक्शन नव्हे, बिदरकडचं बसवकल्याण. गावातल्या एका मास्तरांशी यावरून माझा एकदा वाद झाला होता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आयुर्वेदात याचे दोन सरळ प्रकार सांगितलेत. वस्तू रात्रभर थंड पाण्यात ठेवून सकाळी गाळायची, तो हिम. वर गरम पाणी ओतून थोड्या वेळाने गाळायचं, तो फांट. कुठल्या फुलाला हिम आणि कुठल्याला फांट, एवढं समजलं की अर्धं काम झालं. जास्वंद, गोकर्ण यांचं मुख्य काम रंगाचं, त्यांना गरम चालतं. गावठी गुलाबाला बेताचं गरम चालतं. मोगऱ्याला अजिबात चालत नाही. उकळत्या पाकात मोगरा टाकलात तर घरभर वास सुटेल आणि पाकात काही उरणार नाही, उरला तर शिजवलेल्या पाल्याचा वास.

आता त्या बराकीतली पद्धत सांगतो. त्या मुलीला पुढं आम्ही सगळी पोरं अम्माच म्हणायचो, म्हणून अम्माच लिहितो. मी बाबांबरोबर १९८० च्या आसपास जायला लागलो तेव्हा त्यांची बराक राहिली नव्हती, तिथंच दोन खोल्यांचं पक्कं घर झालं होतं. पण दारात मातीची घागर तीच.

अम्मा म्हणायच्या, कळी सकाळी आण, पण उघडलेली आणू नको. मी तेव्हा हसायचो, मला वाटायचं वजनात कळी जास्त बसते म्हणून म्हणतात. खरं कारण मला शेती करायला लागल्यावर समजलं. मोगऱ्याची कळी सकाळी खुडली तरी ती झाडावरच्यासारखी संध्याकाळीच उमलते आणि वास रात्रभर सोडत राहते. उमललेलं फूल आणलं तर त्याचा वास रात्रीच वाऱ्यावर गेलेला असतो. म्हणून अम्मा दिवसभर कळ्या ओल्या फडक्यात ठेवायच्या आणि दिवेलागणीला पाकावर सोडायच्या. चमेलीचं तेल करणारे तिळावर फुलं पसरून ठेवतात, तेही हेच तत्त्व. वास फुलातून पिळून काढायचा नाही, फुलाने सोडला की धरायचा.

पाक खडीसाखरेचा. एक किलो खडीसाखर, अर्धा लीटर पाणी. विरघळेपर्यंत गरम करायचं, एक चमचा दूध टाकलं की मळी वर येते, ती काढून टाकायची. अर्ध्या लिंबाचा रस, म्हणजे पुन्हा खडे धरत नाहीत. तारेपर्यंत न्यायचा नाही. फडक्यातून गाळून पूर्ण गार करायचा, हात लावला तर कोमटही लागता कामा नये. रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून वर साधारण शंभर ग्रॅम कळी, देठ आणि हिरवा भाग काढून, नुसती तरंगत सोडायची, दाबायची नाही. ताट झाकायचं. सकाळी लवकर उठून फुलं झाऱ्याने काढायची. दहा-बारा तासांच्या वर राहिली की पाकळ्या तांबूस होतात आणि कडवटपणा उतरतो. दुसऱ्या रात्री नवी कळी. तिसऱ्या रात्री पुन्हा. तीन रात्रीत पाक तयार. एक भाग पाक, चार-पाच भाग गार पाणी, भिजवलेला सब्जा. रंग काहीच नाही, पाण्यासारखं दिसतं. पहिल्यांदा पिणारा फसतो.

माझ्याकडं रिफ्रॅक्टोमीटर आहे, द्राक्षवाल्या पाहुण्याकडून आणलेला. एक किलोला अर्धा लीटर या हिशोबाने पाक ६६ ब्रिक्सच्या आसपास बसतो. तीन रात्रीत फुलांचं पाणी उतरून तो ६२-६३ वर येतो. म्हणून आमच्या घरी सुरुवातीलाच पाणी जरा कमी घेतात. ६५ च्या खाली राहिलेला पाक बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा. अम्माकडे फ्रिज नव्हता तेव्हा त्या आठ दिवसांपुरतंच करायच्या. मंडळीने एकदा पाकाऐवजी नुसत्या पाण्यात फुलं ठेवून बघितली, साखर नंतर घातली. वास छान आला, पण तिसऱ्या दिवशी आंबलं.

आता साखरेचं. हल्ली "नैसर्गिक साखर" असं छापून काहीही विकतात, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. महायुद्धात साखरेवर सरकारी नियंत्रण आलं आणि नंतरही कित्येक वर्षं ते कधी सैल, कधी घट्ट असं चाललं. कॅम्पात रेशनची साखर चहालाच पुरायची नाही. महाराष्ट्रात पहिला सहकारी कारखाना प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने. तो माल इकडं स्वस्त मिळायला वेळ होता. आमच्या ठाणे जिल्ह्यात ऊस म्हणाल तर वसईचा, पण तो वसईतच. मग बाबा कोल्हापुरी गुळाचा खडा द्यायचे, गूळ घ्या म्हणायचे. अम्माच्या आईने गूळ घेतला, पोळीबरोबर खाल्ला, आणि मोगऱ्यासाठी मिस्रीच शोधत राहिली. बाबांना तो नखरा वाटला.

नखरा नव्हता. गुळाला स्वतःचा वास आहे, रंग आहे, थोडा खारटपणा आहे. मोगरा त्याच्यापुढे टिकत नाही. मी स्वतः चांगल्या सेंद्रिय गुळाचा पाक करून बघितला, काकवीतही बघितलं. ऐन फुलाचे दोन किलो वाया गेले. काकवी गुलाबाच्या पाकळीबरोबर चांगली लागते, जास्वंदीबरोबर तर फारच चांगली, आलं-लिंबू घालून. मोगरा, चंपा, केवडा यांना साखर अशी हवी की जिला स्वतःचं काही म्हणणं नाही. खडीसाखर किंवा गंधकाचा धूर न दिलेली पांढुरकी खांडसरी. खडीसाखर "नैसर्गिक" म्हणून तब्येतीला वेगळी असं मात्र समजू नका. ती कारखान्याच्या साखरेचाच मोठा स्फटिक असते, मधुमेहवाल्याला दोन्ही सारखीच. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण सरबताच्या एका पेल्यातून किती मिळणार.

सिंध्यांत मिस्री फक्त गोडासाठी नसते. लग्न ठरलं की कच्ची मिस्री आणि मग पक्की मिस्री, म्हणजे आपला साखरपुडाच. आपणही त्या दिवशी साखरेचाच पुडा देतो. बराकीत पहिल्या वर्षी झालेल्या कच्च्या मिस्रीला द्यायला घरात काही नव्हतं, तेव्हा अम्माच्या आईने रेशनमधून जमवलेले खडे आणि आमचा मोगरा वापरून सरबत केलं, ही गोष्ट अम्मांनी मला दहा वेळा सांगितली असेल.

तुम्ही म्हणाल, सिंधी यायच्या आधी आपल्या जिल्ह्यात फुलाचा गोड पाक नव्हता का? होता की. मुरबाड, शहापूरकडच्या ठाकर-कातकऱ्यांना विचारा. मोहाचं फूल म्हणजे फूलही तेच आणि साखरही तीच. सुकवलेल्या फुलात जवळपास निम्मी साखरच असते. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, स्वच्छ करून शिजवायची, पिळून तो रस आटवायचा. काळपट, मधासारखा पाक होतो. भाकरीबरोबर खातात, पावसाळ्यात धान्य संपलं की त्याच्यावर दिवस काढतात. (घाटावरचे लोक अशा दाट रसाला, म्हणजे गुळाच्या आधीच्या अवस्थेला, राबही म्हणतात. आमच्याकडं राब म्हटलं की भाताच्या रोपासाठी भाजलेली जमीन. त्यामुळे एकदा कृषी मेळाव्यात माझा चांगलाच गोंधळ झाला होता.)

मग हा पाक घरोघरी का नाही राहिला? कारण १८९२ चा मोहाचा कायदा. इंग्रज सरकारने तो मुद्दाम ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता काढला. फुलं गोळा करणं, जवळ बाळगणं यावर बंधनं आली. कारण दाखवलं चोरट्या दारूचं. पण सरकारला उत्पन्न होतं ते परवान्याच्या दारूतून, उरणच्या भट्ट्यांतून, तिथंही मोहाचंच फूल लागायचं. म्हणजे भट्टीवाल्याने फूल वापरलं तर महसूल, आदिवासी बाईच्या टोपलीत सापडलं तर गुन्हा. ज्या फुलाने दुष्काळात पोरं जगवली ते लपवून ठेवायची वस्तू झाली. स्वातंत्र्यानंतरही निर्बंध राहिलेच, राज्य सरकारने ते २०२१ मध्ये काढले. आता मोहाचे लाडू, मोहाचा पाक प्रदर्शनात मांडलेले दिसतात. बघून बरं वाटतं, आणि सव्वाशे वर्षांत किती म्हाताऱ्या ती कृती बरोबर घेऊन गेल्या असतील याचा विचारही येतो.

मोगऱ्याच्या सरबतावर कायदा आला नाही. त्याला बाटलीने मारलं. दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूह अफजा काढलं, फाळणीनंतर त्याचेही दोन देशांत दोन कारखाने झाले. तो निदान वनस्पती-फुलांचा अर्क तरी. पुढं आलं इसेन्स. मोगऱ्याच्या वासातला एक मोठा घटक आहे बेंझिल ॲसिटेट, तो कारखान्यात स्वस्तात तयार होतो. दोन थेंब टाकले की बादलीभर पाक "मोगरा". आमचं उल्हासनगर नकलेत पटाईत, 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद तिथले सिंधी स्वतःच सांगतात. १९९० पर्यंत कॅम्प एकमध्ये आमच्याकडून सरबतासाठी कळी घेणारी वीसेक घरं होती, ती तीन-चारवर आली. नव्या सुनांना वेळ नाही, बाटली दारात मिळते.

आता माझी चूक.

साल १९९६. बाबांचे गुडघे गेलेले, शेती माझ्या हातात. मोगऱ्यात कळीतली अळी फार होती. कळीला बारीक भोक, आत अळी, कळी जांभळट होऊन गळते. ज्यांच्याकडे मोगरा आहे त्यांना सांगायला नको. दुकानदाराने मोनोक्रोटोफॉस दिलं, मी मारलं. हार-गजऱ्याचा माल, कोण खातंय, असा हिशोब. तिसऱ्या दिवशी खुडणी केली, आणि रोजच्यासारखी अम्मांची पुडी बांधून घेऊन गेलो. त्यांच्या नातीची पक्की मिस्री होती, दीड किलो कळी सांगितली होती.

अम्मांनी पुडी नाकाला लावली. म्हणाल्या, "भाऊ, दवा मारी है क्या?"

मी म्हटलं, "नाही अम्मा."

एवढंच. दुसरं काही बोलणं झालं नाही. चार दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि सांगितलं की पहिल्या रात्रीनंतर त्यांनी पाक चाखून बघितला, मोगऱ्याच्या मागे रॉकेलसारखा वास होता, आणि त्यांनी सगळा पाक मोरीत ओतला. पाहुण्यांना बाटलीतलं दिलं. कोणी प्यायलं नाही, कोणाला काही झालं नाही, हे माझं नशीब. त्या ओरडल्या नाहीत. पैसे पण चुकते केले. मी नको म्हणत होतो, त्यांनी खिशात कोंबले. आणि म्हणाल्या, आता आणू नकोस.

बाबांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांना बाजारात कोणाकडून तरी समजलं. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक, आज्याच्या पाटीपासूनचं. त्या रात्री ते जेवले नाहीत. मोनोक्रोटोफॉसवर पुढं २००५ मध्ये भाजीपाल्यासाठी बंदी आली तेव्हा बाबा मला पेपरातली बातमी वाचून दाखवत होते, एक शब्द जास्त न बोलता.

मी त्याच पावसाळ्यात विहिरीजवळच्या तुकड्यात चाळीस रोपं वेगळी लावली. त्यांना आजपर्यंत रासायनिक फवारणी नाही. डिसेंबरमध्ये पाणी तोडून ताण, मग छाटणी, पाला गोळा करून जाळणं, भोक पडलेल्या कळ्या रोज हाताने वेचून नष्ट करणं, निंबोळी अर्क आणि तोही कळी लागायच्या आधीपर्यंतच. उत्पन्न बाकीच्या मोगऱ्याच्या निम्म्याने येतं, खोटं कशाला सांगू. कामही जास्त. कृषी विद्यापीठवाले मित्र इथं वाचतात, त्यांनी कळीतल्या अळीवर यापेक्षा बरं काही बिनविषारी असेल तर जरूर लिहावं.

दोन वर्षांनी, १९९८ च्या एप्रिलमध्ये, त्या चाळीस झाडांची पहिली चांगली खुडणी घेऊन मी कॅम्प एकमध्ये गेलो. अम्मांनी ओळखलं, आत बोलावलं नाही. मी सगळं सांगितलं, तेव्हाचं खोटं पण. त्यांनी पुडी उघडली, वास घेतला, त्यातली एक कळी उचलून माझ्यापुढे धरली.

"पहले तू खा."

मी खाल्ली. मोगऱ्याची कळी नुसती खाल्ली तर कडू लागते, तुम्ही बघा कधी. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, अजून एक. दुसरी पण खाल्ली. तेव्हा कुठे त्यांनी सुनेला हाक मारून घागर काढायला सांगितली.

म्हणून घरी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, बाजारातला मोगरा, गुलाब पाकात टाकू नका. हाराच्या फुलाची फवारणी खाण्याचा विचार करून झालेली नसते. लांब दांड्याच्या गुलाबाला तर वासही नसतो, तो सोडूनच द्या, गावठी गुलाबच घ्या. वालधुनीसारख्या नाल्याच्या पाण्यावर वाढलेलं काही नको. दारात डब्यात लावलेली चार झाडं असतील तरी एका घराचं सरबत होतं. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा ही फुलं विषारी, सजावटीलाही सरबतात नको. तगर मोगऱ्यासारखी पांढरी दिसते, पोरांना फरक दाखवून ठेवा. गोकर्णाचा निळा पाक लिंबू पिळल्यावर जांभळा-गुलाबी होतो, पोरांना तो आवडतो, त्याला वास मात्र नसतो.

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदी आमच्या शेतात आली. खालचा मोगरा सगळा गाळात गेला. विहिरीजवळचा तुकडा उंचावर, ती चाळीस झाडं वाचली. त्यातली सहा पुढं मेली, त्यांच्या जागी त्यांचीच कलमं लावली. अम्मांच्या दारात तेलाच्या डब्यात दोन झाडं आहेत तीही यातलीच.

अम्मा जाऊन आता दहा-बारा वर्षं झाली. त्यांची सून मार्चपासून पावसापर्यंत दर शनिवारी अर्धा किलो कळी घेते. डिसेंबर लागला की तिचा फोन येतो, भाऊ, पाणी तोडलं का. यंदा परत आणलेल्या मालाचं आम्ही काही केलं नाही असं नाही, पण सरबतात मात्र त्या चाळीस झाडांचीच कळी गेली. बाकीची मंडळीने देवळात दिली. अकरा बाटल्या झाल्या. चार पाहुण्यांना गेल्या, दोन कॅम्पात, पाच फ्रिजमध्ये आहेत. या बाजूला आलात तर या, सब्जा भिजवून ठेवतो.